मँचेस्टर ग्रामर स्कूल ‘ग्रामर’ असूनही खाजगी कशी?

नावावरून गोंधळ होणं साहजिक आहे. आज इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूल म्हटलं की परीक्षा घेऊन मुलं निवडणारी, फी नसलेली सरकारी शाळा डोळ्यासमोर येते. पण हे नाव त्याहून खूप जुनं. ‘ग्रामर’ म्हणजे लॅटिन व्याकरण; तेच शिकवायला या शाळा निघाल्या.

मँचेस्टरची शाळा १५१५ साली एक्सेटरचे बिशप ह्यू ओल्डम यांनी काढली, तीही मोफत. खर्च भागायचा अर्क नदीवरच्या पाणचक्क्यांतून. गावकऱ्यांनी दळण तिथेच दळायचं अशी सक्ती होती, म्हणजे पोरांच्या लॅटिनचा खर्च गावाच्या पिठातून! लोक कुरकुरायचे, त्यात नवल नाही.

विसाव्या शतकात ती ‘डायरेक्ट ग्रँट’ शाळा होती: बऱ्याच मुलांची फी सरकार भरायचं, त्यामुळे साध्या घरातली हुशार मुलंही तिथे शिकत. १९७० च्या दशकात मजूर पक्षाच्या सरकारने हे अनुदान थांबवलं. शाळांपुढे पर्याय दोनच, मुलं निवडणं सोडा किंवा खाजगी व्हा. ही खाजगी झाली. आता फी चांगलीच जबर आहे, गरजूंना शिष्यवृत्त्या असल्या तरी. माझ्या मते खरं नुकसान तिथेच झालं.

बाकी स्वभाव अभ्यासूच. शाळा फक्त मुलग्यांची, मुख्याध्यापकांना ‘हाय मास्टर’ म्हणतात, आणि बिल्ल्यावर घुबड. संस्थापक ओल्डम यांच्या नावातल्या ‘आउल’वरची, म्हणजे घुबडावरची, ती कोटी. आपल्याकडे कोणी शाळेच्या बिल्ल्यावर घुबड लावेल का?