माणसं साडेचारशे, केक किती किलोचा?

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत लग्नं लागत नाहीत. त्यामुळे ईस्टर झाला की एकदम रांग लागते, आणि या पानावर येणारी पत्रंही मग एकाच विषयाची : लग्नाचा केक केवढा घ्यायचा. यातली काही पत्रं वसईबाहेरची आहेत, पण घोळ सगळ्यांचा तोच.

प्रश्न : मुलाचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. संध्याकाळी मैदानावर मंडप, ४५० माणसांचं जेवण सांगितलंय. बेकरीवाला म्हणतो, २५ किलोचा पाच थरांचा केक घ्या. धाकटे दीर म्हणतात, ८ किलो खूप झाला, केक खातो कोण? माझं म्हणणं एवढंच की प्रत्येकाच्या हातात तुकडा पडावा. कोणाचं ऐकू?
– एक वरमाई, भुईगाव

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. आपल्याकडे पत्रिका घराला जाते आणि एका पत्रिकेवर चार-पाच जण येतात, म्हणून मी आधी नेहमी विचारते की आकडा माणसांचा की पत्रिकांचा. तुम्ही जेवणच ४५० सांगितलंय, तेव्हा माणसं धरते. पण केक कापतात टोस्टच्या वेळी, म्हणजे नवरा-नवरीला शुभेच्छा देऊन ग्लास उंचावतात तेव्हा, जेवणाच्या आधी. तेव्हा मंडपात सगळे नसतात. मुंबईहून लोकलने येणारे अजून पोचायचे असतात, काही नुसते जेवायला उगवतात, काही ‘शुगर आहे’ म्हणून ट्रे पुढे सरकवतात, काही पोरं अजून कडेवर असतात. तरी मी ४०० धरीन. केक उरला तर शेजारी वाटता येतो. कमी पडला तर पुढच्या लग्नापर्यंत ऐकावं लागतं.

आता तुकडा केवढा. जेवणानंतर आइस्क्रीम असणारच, म्हणजे केक हे काही तुमचं जेवणातलं गोड नव्हे. वाइनच्या छोट्या ग्लासाबरोबर ट्रेमधून फिरवायचा तो मानाचा तुकडा. त्याला एक इंच बाय एक इंच पुरे. उंची केकची असेल ती, बहुतेक चार इंच. क्रीमच्या स्पंजचा असा तुकडा ३५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ४०० तुकड्यांचे झाले १४ किलो. बेकरीवाल्याच्या हिशेबाने प्रत्येकाला ६० ग्रॅमच्या वर जातो आणि त्यातला अर्धा बशीत राहतो. दिरांच्या हिशेबाने वाट्याला येतात २० ग्रॅम. एवढा बारीक तुकडा कापायला गेलात तर तो सुरीखालीच मोडतो.

हे १४ किलो एकावर एक रचायची मात्र काही गरज नाही. टेबलावर १२, ९ आणि ६ इंची असे तीन गोल थर ठेवा. खाली उंच स्टँड, भोवती फुलं. फोटोत भरपूर दिसतो. यातून २०० छोटे तुकडे निघतात. उरलेल्या २०० साठी ९ बाय १२ इंचांचे दोन साधे स्लॅब मागे, केटररच्या टेबलाशी ठेवा. स्लॅबवर ना फुलं ना मोती, मग त्याला सजवलेल्या केकचा भाव कशाला? बेकरीवाला सरसकट एकच भाव सांगेल. तिथे घासाघीस करा.

माझं ऐकाल तर स्लॅब फ्रूट केकचे करून घ्या. रममध्ये मुरलेल्या मनुका-बेदाण्यांचा केक आदल्या दिवशी कापून बटर पेपरात गुंडाळून ठेवला तरी त्याला काही होत नाही, उलट चव चढते. क्रीमच्या केकची ही सोय नाही. फ्रूट केक वजनाला भारी असतो, म्हणून ३५ ग्रॅमचा तुकडा दिसायला लहान वाटेल. घाबरू नका, तेवढ्याने तोंड भरतं. तो पहिल्या फेरीला वाटायला घेतलात की मागे थर कापायला निवांत वेळ मिळतो.

आणि केक कापणार कोण? बँड, पार्लर, मंडप सगळं ठरतं, हे कोणी ठरवत नाही. नवरा-नवरीने सुरी लावली, टाळ्या झाल्या, की एखादी आत्या पुढे होते आणि वाढदिवसाला कापतात तशा त्रिकोणी फोडी काढायला लागते. मग मधली टोकं मोडतात, कडेला जाड ढलपे राहतात आणि हिशेबातला केक हिशेबाबाहेर जातो. लांब, सरळ पात्याची सुरी घ्यायची. सगळ्यात वरचा थर त्याच्या बोर्डासकट उचलून बाजूला. खालच्या थरात आधाराच्या काड्या खुपसलेल्या असतात, त्या मोजून काढायच्या. किती घातल्यात ते बेकरीवाल्याकडून आधीच कागदावर लिहून घ्या. मग कडेपासून एक इंच सोडून केक आरपार कापायचा, ती पट्टी पाटावर आडवी पाडायची आणि इंचाइंचावर तुकडे करायचे. शेजारी गरम पाण्याचं पातेलं आणि ओलं फडकं हवं. प्रत्येक पट्टीनंतर सुरी बुडवून पुसली नाही तर क्रीम पुढच्या तुकड्यांना फासत जातं. दोघी कापायला, तिसरी गुंडाळायला. तिघी चपळ असतील तर टोस्टची भाषणं संपेपर्यंत ट्रे निघतो. आपल्याकडची भाषणं लांबतात, ते इथे पथ्यावर पडतं.

शेवटचं म्हणजे मे महिना. उघड्या मैदानावर फ्रेश क्रीमचे तीन थर दोन तास उभे राहणार नाहीत. फोटोग्राफर चर्चबाहेर किती वेळ काढेल ते देवालाच ठाऊक. एकतर फॉन्डंटचं, म्हणजे लाटलेल्या साखरेच्या थराचं, आवरण घ्या, नाहीतर केक टोस्टच्या अर्धा तास आधी मंडपात आणायला सांगा. वेळ पत्रिकेतली धरू नका, आपल्या माणसांची धरा.

प्रश्न : आमच्या रिसेप्शनला १५० पाहुणे आहेत. घरी केकची पद्धत नाही, पण आम्हा दोघांना कापायचा आहे. केटररकडे गुलाबजाम आणि आइस्क्रीम आहेच. चार थरांच्या केकचं कोटेशन ऐकून आई गप्पच झाली. घरातले निम्मे लोक अंडं खात नाहीत.
– नवरी, पुणे

उत्तर : आई गप्प झाल्या ते बरंच झालं. गुलाबजाम समोर असताना निम्मे लोक केकच्या वाटेला जाणार नाहीत. ७५ छोटे तुकडे पुरेत. ८ इंची आणि ६ इंची असे दोन थर, दोन्ही चार इंच उंच, की काम झालं. वजन पावणेतीन किलोच्या आत-बाहेर.

उंच दिसायला हवा असेल तर खाली थर्माकोलचा थर घालून वरून सारखंच आयसिंग करतात. तो अगदी फुकटात पडत नाही, कारण सजावटीची मेहनत तेवढीच लागते. पण चार खऱ्या थरांपेक्षा पुष्कळ स्वस्त. फक्त खरा थर कुठला ते तुम्हा दोघांना माहीत हवं. सगळ्यांसमोर थर्माकोलात सुरी खुपसून ओढत बसलेली जोडपी मी पाहिली आहेत, आणि व्हिडिओवाला नेमका तेव्हाच जवळ येतो. उंचीची हौस काही आजची नाही. १९४७ साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नातला केक ९ फूट उंच आणि ५०० पौंड वजनाचा होता. पण निमंत्रितही २००० होते.

अंड्याचं म्हणाल तर एक थर असा, एक तसा करू नका. संपूर्ण केक बिनअंड्याचा सांगा. नाहीतर आजी प्रत्येक तुकड्याला ‘हा कुठला?’ विचारणार आणि शेवटी न खाताच उठणार.

प्रश्न : मुलीचं लग्न न्यू जर्सीत आहे. १८० पाहुणे, निम्मे जावयाकडचे अमेरिकन. तिथली बेकर किलोत बोलतच नाही, ‘सर्व्हिंग’ किती ते विचारते. हॉलवाले केक कापण्याचे पैसे माणशी वेगळे मागतात. हा काय प्रकार?
– मुलीचे वडील, ठाणे

उत्तर : दादा, सर्व्हिंग म्हणजे माणशी एक तुकडा. तिकडे लग्नाच्या केकचा एक तुकडा साधारणपणे एक इंच बाय दोन इंच, चार इंच उंच धरतात. म्हणजे आमच्या वसईच्या तुकड्याच्या दुप्पट. त्या मापाने गोल ६ इंचीत १२, ८ इंचीत २४, १० इंचीत ३८ आणि १२ इंचीत ५६ तुकडे निघतात. तुमच्याकडची मंडळी जिलबीकडे वळतील, अमेरिकन पाहुणे मात्र केकची वाट पाहतील, कारण त्यांचं तेच गोड. १२, १० आणि ८ इंची घेतलेत तर ११८ तुकडे होतात. माझ्या मते तेवढे बास.

बेकरला एक गोष्ट जरूर विचारा. तिकडे सगळ्यात वरचा थर लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी फ्रीजरमध्ये ठेवायची पद्धत आहे. तिने सांगितलेल्या आकड्यात तो थर धरलाय की नाही? मुलीला तो ठेवायचा असेल तर वर आणखी एक ६ इंची घ्या. कापण्याचे पैसे बहुतेक हॉल घेतात, त्यात फसवणूक नाही. पण दर येणाऱ्या माणसामागे की प्रत्यक्ष वाढलेल्या तुकड्यामागे, हे लेखी घ्या.

प्रश्न : गोल केक घ्यावा की चौकोनी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुकडे मोजायचे तर चौकोनी. १० इंची गोल केकचं वरचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस इंच, १० इंची चौकोनी केकचं १००. सव्वापट केक मिळतो, कापायला सोपा, वाया जात नाही. पैसे वजनावर ठरतात, तेव्हा स्वस्त पडेल असं समजू नका. चौकोनाचे कोपरे खड्ड्यांत पहिले दुखावतात, म्हणून टेम्पोत केकशेजारी एक जबाबदार माणूस बसवा. नवरीच्या भावाला नको, त्याचा फोन सारखा वाजत असतो.