रडू आलं ती ओळ कोणती?

प्रिय लेकरा,

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी त्यातली हकिगत थोडक्यात सांगतो. ही मुलगी अंबाजोगाईजवळच्या एका गावातून रोज एसटीनं कॉलेजला येते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय इंग्रजी. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकावरच्या प्रश्नाला तिनं मनापासून उत्तर लिहिलं. १० पैकी ३ गुण पडले आणि शेजारी लाल शेरा : 'स्वतःचं नको, नोट्समधलं लिहा.' घरी वडील म्हणतात, "रडून पोट भरतं का? पोलीस भरतीचा फॉर्म भर." तिचं विचारणं असं, की पुस्तक वाचून रडू येतं हा दुबळेपणा आहे का, आणि नसेल तर यातून पुढं काही होतं का?

आधी त्या तीन गुणांचं बघू. तू उत्तराची नक्कल पाठवलीस ते बरं केलंस. तू लिहिलंस, 'या दोघांना प्रेमानं नाही मारलं, निरोप पोचला नाही म्हणून ते मेले.' ज्युलिएट खरी मेलेली नाही, हा रोमिओसाठीचा निरोप घेऊन निघालेल्या साधूला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडतात, दारं बंद करतात. ते वाचताना तुला २०२० साल आठवलं. गल्लीच्या तोंडाला ठोकलेले पत्रे आठवले, आणि मावशीच्या मातीला जाता आलं नाही म्हणून चुलीपुढं बसून राहिलेली आई. वाचून माझाही घसा दाटला, खोटं कशाला बोलू.

पण तुझे सर निम्मे बरोबर आहेत. आईवर बारा वाक्यं आणि नाटकावर एकच. तो प्रसंग पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आहे, जेमतेम तीसेक ओळींचा. त्यातली एकही ओळ तुझ्या उत्तरात नाही. शिवाय नाटक सुरू होतानाच पहिल्या चौदा ओळींत सांगून टाकलंय की हे दोघं मरणार, त्यांच्या नशिबातच ते आहे. मग निरोप पोचला असता तर ते वाचले असते का? या प्रश्नाशी तुझं मत झुंजायला हवं होतं.

सर निम्मे चुकले ते असे. १५९२-९३ मध्ये प्लेगमुळं लंडनची नाटकघरं बंद होती. हे नाटक त्यानंतर काही वर्षांतलं, १५९७ मध्ये पहिल्यांदा छापलेलं. म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांनी बंद केलेली दारं स्वतः पाहिलेली होती. तुला पत्रे आठवले, त्यांना ती दारं आठवली असतील. आईची दोन वाक्यं ठेवून त्या प्रवेशातल्या चार ओळी आणि हा संदर्भ जोडला असतास तर तेच उत्तर एम.ए.च्या वर्गात वाचून दाखवण्याजोगं झालं असतं. रडू कोणालाही येतं. नेमक्या कुठल्या शब्दापाशी आलं आणि तिथंच का, हे दुसऱ्याला पटेल असं मांडता येणं, यालाच साहित्याचा अभ्यास म्हणतात. ती कुवत तुझ्यात दिसते. सवय अजून नाही.

आता पोटाचं. वडिलांची काळजी खोटी नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. एम.ए., मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, मग प्राध्यापक, हा रस्ता सगळे सांगतात. मात्र कायम जागा कमी निघतात आणि सेट झालेली कितीतरी पोरं आपल्याकडं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या पैशावर, राबतायत. हे ठाऊक असूनच त्या वाटेला जा. पदवीनंतर बी.एड. दोन वर्षांचं, पण त्यापुढं टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आणि शिक्षक भरतीची परीक्षा आहेच. पोलीस भरतीचा फॉर्म भरायलाही माझी ना नाही. सकाळी पळण्याचा सराव करून आलेल्या माणसाला संध्याकाळी वाचायला कोणी मना करत नाही.

तुझ्यासाठी मला जास्त जवळची वाटते ती अनुवादाची वाट. पैसा सुरुवातीला बेताचाच, पण पुस्तकांपासून मालिकांच्या उपशीर्षकांपर्यंत काम आहे, आणि ते गावात राहून होतं. इंग्रजी, मराठी, हिंदी तुला येतेच. उर्दू लिपी तेवढी शिकून घे. १९४८ पर्यंत आपण मराठवाड्यातली माणसं निजामाच्या राज्यात होतो, जुन्या दप्तरांत ती भाषा पडून आहे आणि वाचणारे कमी होत चाललेत. एम.ए.साठी हैदराबादचाही विचार कर. तिथं इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठच आहे, प्रवेशपरीक्षेची तयारी मात्र आधीपासून हवी.

आणि एक. पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस की आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, सीतेच्या वनवासाची ओवी आली की तिचा आवाज बदलायचा. सीतेचं पुढं काय होणार हे तिला लहानपणापासून माहीत, तरी आवाज बदलायचा. त्या चौदा ओळींचं कोडं तुझ्या घरात जात्यापाशी आधीच होतं बघ. आजीपाशी बस, त्यातली एक ओवी जशीच्या तशी उतरवून घे आणि दिवाळीपर्यंत तिचं इंग्रजी करून मला पाठव. 'वनवास'ला कोणता शब्द लावलास आणि कोणते खोडलेस, तेही कागदावर राहू दे. खोडलेलं मला आधी वाचायचंय.