परीक्षकांच्या कानापर्यंत

गेल्या अंकातील श्राव्य माध्यमांवरील लेखात पुरस्कारांचा ओझरता उल्लेख होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : महोदय, आमचे सामुदायिक रेडिओ केंद्र मराठवाड्यात आहे. आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर गावात आजीजवळ राहणाऱ्या मुलांवर आम्ही बारा भागांची मालिका प्रसारित केली. पुरस्कारासाठी एकच ध्वनिमुद्रण पाठवायचे आहे. बाराही भागांतील उत्तम तुकडे जोडून अर्ध्या तासाचा खास भाग तयार करावा, असे केंद्रातील बहुतेकांचे मत आहे. शिवाय परीक्षक बाहेरचे असणार, म्हणून बोलीतील संभाषणांवर प्रमाण मराठीत निवेदन चढवावे का?
एक स्वयंसेविका, बीड जिल्हा

उत्तर : यांपैकी एकही गोष्ट करू नका, असे आधीच सांगून टाकतो. कार्यक्रम जसा प्रसारित झाला तसाच पाठवावा, अशी अट अनेक स्पर्धांच्या नियमावलीत असते आणि तुकडे जोडून केलेला भाग कधी प्रसारित झालेलाच नसल्यामुळे तो पहिल्याच छाननीत बाद होऊ शकतो. अशी अट नसली तरी जोडकामात नुकसानच अधिक आहे. आपण पत्रासोबत पाठवलेल्या तीन भागांपैकी दुसऱ्या भागात आजी भाकरी थापत असते आणि नातू आईशी फोनवर बोलत असतो. तो “कवा येनार?” असे विचारतो आणि त्याच क्षणी थापण्याचा आवाज थांबतो. पाच-सहा सेकंद फक्त चुलीतल्या काटक्यांची तडतड ऐकू येते आणि मग थापणे पुन्हा सुरू होते. निवेदनाने तेथे तोंड घातलेले नाही, हे आपल्या संपादनाचे मोठे श्रेय आहे. बारा भागांतले “उत्तम तुकडे” निवडायला बसलात की हे पाच-सहा सेकंद सर्वांत आधी कापले जातील, कारण तुकडा म्हणून पाहिले तर त्यात काहीच घडत नाही. माझ्या मते हाच भाग पाठवावा.

बोलीवर निवेदन चढवले तर आजीचा आवाज खाली दबेल आणि ज्याच्यासाठी कार्यक्रम केला तेच निघून जाईल. परीक्षक मराठी नसण्याची शक्यता असेल, तर संपूर्ण संहितेचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद वेगळा जोडावा. त्याविषयी तिसऱ्या उत्तरात अधिक लिहिले आहे.

आता प्रवेशपत्रिकेसोबतच्या टिपणाविषयी. आपण मसुद्यात “आमच्या या हृदयस्पर्शी मालिकेने समाजमन हेलावून टाकले” असे लिहिले आहे. हृदयाला स्पर्श झाला की नाही, हे परीक्षकाला ऐकताना कळेलच. त्याला जे ऐकून कळणार नाही, ते टिपणात हवे. साधारणपणे दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारी जोडपी मार्च-एप्रिलमध्ये परततात, तोडणीच्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला मिळूनच “कोयता” म्हणतात, मुलांशी संभाषण करणारी मुलाखतकार स्वतः अशाच घरातली आहे, ध्वनिमुद्रण मोबाइलवर झाले आहे, या गोष्टी चार-पाच वाक्यांत सांगाव्यात. सामुदायिक केंद्राची परिणामी प्रक्षेपणशक्ती साधारणपणे शंभर वॅटपर्यंत असते आणि तिचा आवाका सुमारे दहा ते पंधरा किलोमीटरचा असतो. त्या वर्तुळात कोणती गावे येतात आणि त्यांतली किती घरे ऊसतोडीला जातात, हे दिल्लीत बसलेल्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

विभागाची निवडही विचारपूर्वक करावी. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०११-१२ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत विषयाधारित कार्यक्रम, समुदायाचा नावीन्यपूर्ण सहभाग, स्थानिक संस्कृतीला प्रोत्साहन आणि केंद्राच्या शाश्वततेचा नमुना असे वेगवेगळे विभाग राहिले आहेत. कार्यक्रम विषयाधारित विभागात पाठवला तर मांडणीला महत्त्व येते. सहभागाच्या विभागात पाठवला तर विषय कोणी सुचवला, आवाज कोणी टिपले आणि प्रसारणानंतर गावात काय झाले, हे प्रश्न पुढे येतात. आपल्याकडे श्रोत्यांच्या फोनची नोंदवही असल्याचे आपण लिहिले आहे. ती वही असेल, तर सहभागाच्या विभागाचा जरूर विचार करावा. आकाशवाणीचे वार्षिक पुरस्कार मात्र त्यांच्या स्वतःच्या केंद्रांसाठी असतात, त्यामुळे त्यांची वाट पाहू नये.

प्रश्न : आमच्या पॉडकास्टमध्ये एका जुन्या चित्रपटगीताच्या दोन ओळी पार्श्वभूमीला आहेत. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. स्पर्धेला पाठवताना अडचण येईल का?
एक वाचक, सांगली

उत्तर : येऊ शकते. प्रवेशपत्रिकेवर सही करताना सर्व हक्क आपल्याकडे असल्याचे आपण लिहून देत असता, आणि बऱ्याचदा त्यातील अंश प्रसिद्धीसाठी वापरण्याची परवानगीही आयोजकांना देत असता. गाण्यात शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे वेगवेगळे हक्क असतात. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, आणि तो संपला म्हणून गीतकाराचा हक्क संपतोच असे नाही. “दोनच ओळी” ही सबब नाही. शक्य असेल तर ते गाणे काढून आपल्याच माणसाने म्हटलेली पारंपरिक ओवी घ्यावी आणि म्हणणाऱ्या बाईंची लेखी संमती घेऊन ठेवावी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. माझी आजी लालबागमध्ये गिरणी कामगारांची खानावळ चालवीत असे. तिच्या सहकारी बाईंच्या मुलाखतींतून मी चाळीस मिनिटांचा श्राव्य माहितीपट केला आहे. तो मराठीत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो टिकेल का, की इंग्रजीत पुन्हा करावा?
एक वाचक, अमेरिका

उत्तर : पुन्हा करू नये. अनेक भाषांतील कार्यक्रम एकत्र ऐकण्याची परंपरा जुनी आहे. इटलीच्या ‘राय’ या प्रसारण संस्थेने १९४८ साली काप्री येथे ‘प्री इतालिया’ सुरू केली, तेव्हा ती केवळ रेडिओची स्पर्धा होती. दूरचित्रवाणी तिच्यात नंतर आली. अशा स्पर्धांत परीक्षकांच्या हाती अनुवादित संहिता असते आणि ते वाचता वाचता मूळ आवाज ऐकतात. म्हणून आपली खरी मेहनत त्या संहितेवर व्हायला हवी. डाव्या बाजूला मिनिट-सेकंद, मध्ये बोलणाऱ्याचे नाव, उजवीकडे अनुवाद, अशी साधी मांडणी पुरते. एका पानावर उगाच दाटी करू नये, कारण डोळे पुढे धावले की कान मागे राहतात, आणि विनोद ऐकू येण्याआधीच वाचून संपलेला असतो.

अनुवाद फार गुळगुळीत करण्याचा मोहही टाळावा. बाई वाक्य अर्धवट सोडतात, तेथे इंग्रजीतही ते अर्धवटच सुटले पाहिजे. “भोंगा झाला की पहिली पंगत” या वाक्यातल्या भोंग्याला नुसते सायरन म्हटले, तर परीक्षकाला रुग्णवाहिका आठवेल. पाळी सुटल्याची खूण म्हणजे भोंगा, हे तेथे तीन शब्दांत यायला हवे. १९८२ च्या संपाचा उल्लेख बाई नुसता “संप” असा करतात. लालबाग-परळच्या माणसाला तेवढे पुरते, पण बाहेरच्याला वर्ष द्यावे लागेल.

प्रश्न : आंतरमहाविद्यालयीन श्रुतिका (फक्त ऐकण्यासाठी केलेली नाटिका) स्पर्धेसाठी मला आणखी दोघांसोबत परीक्षक म्हणून बोलावले आहे. प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या सव्वीस श्रुतिका आहेत. पाच निकषांवर गुण देऊन बेरीज करावी, असे आयोजक म्हणतात. एक श्रुतिका माझ्या माजी विद्यार्थिनीची आहे. काय पथ्य पाळावे?
एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : सव्वीस गुणिले पंधरा म्हणजे साडेसहा तास होतात. हे एका दिवसात उरकण्याचा आग्रह आयोजक धरतील. तो मानू नये. दोन दिवस घ्यावेत आणि तिघांनी वेगवेगळ्या क्रमाने ऐकावे, म्हणजे जेवणानंतरची गुंगी दर वेळी एकाच बिचाऱ्या महाविद्यालयाच्या वाट्याला येणार नाही. सर्वांनी हेडफोन वापरावेत. एकदा मी सभागृहातल्या लहान स्पीकरवर एका श्रुतिकेला अगदी कमी गुण दिले होते. तिचा शेवट कुजबुजीत होता आणि ती कुजबुज मला ऐकूच आली नव्हती, हे निकाल लागल्यानंतर घरी पुन्हा ऐकताना लक्षात आले. त्या मुलांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसरे असे की, मोठ्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेली श्रुतिका नकळत अधिक चांगली वाटते. सगळ्या फायलींची आवाजाची पातळी ऐकण्याआधी समान करून घ्यावी, अशी विनंती आयोजकांना करावी. कोणत्याही ध्वनिसंपादकाला हे काम तासाभरात जमते.

बेरजेविषयी मात्र मी थोडा हट्टी आहे. समजा, पहिल्या परीक्षकाने एका श्रुतिकेला ९ आणि दुसरीला ५ गुण दिले. उरलेल्या दोघांनी पहिलीला प्रत्येकी ७ आणि दुसरीला ८ दिले. पहिलीची बेरीज २३ आणि दुसरीची २१ होते. तिघांपैकी दोघांना दुसरी अधिक आवडलेली असताना पहिली जिंकते, कारण गुणांची पट्टी ज्याने जास्त ताणली त्याच्या हाती निकाल गेला. म्हणून बेरीज केवळ शेवटच्या पाच श्रुतिका निवडण्यापुरती ठेवावी. त्या पाच तिघांनी एकत्र बसून पुन्हा पूर्ण ऐकाव्यात आणि मग बोलून ठरवावे. रेडिओ, दूरचित्रवाणी अशा माध्यमांतील उत्तम कार्यक्रमांना मिळणाऱ्या अमेरिकेतील पीबडी पुरस्कारासाठी परीक्षक मंडळाचे एकमत लागते. महाविद्यालयीन स्पर्धेत एवढे ताणण्याची गरज नसली, तरी “मला ही का आवडली” हे समोरच्याला पटवून द्यावे लागले की आपलीच मते कशी पातळ होतात, याचा अनुभव येतो.

एक श्रुतिका माजी विद्यार्थिनीची आहे, हे ऐकण्यास आरंभ करण्यापूर्वीच आयोजकांना लेखी कळवावे, त्या श्रुतिकेला गुण देऊ नयेत आणि तिच्यावर चर्चा होताना खोलीबाहेर थांबावे. त्या श्रुतिकेसाठी उरलेल्या दोघांची सरासरी धरता येते. “मी तटस्थच राहीन” हे आश्वासन प्रामाणिक असले, तरी हरलेल्या पंचवीस संघांना ते पडताळता येत नाही.

आणखी एक विनंती. प्रत्येक श्रुतिका संपताच, गुणांचा आकडा लिहिण्याआधी, तिच्याविषयी एक पूर्ण वाक्य लिहावे: कोठे कान टवकारले, कोठे पात्रे एकाच आवाजात बोलू लागली, कोठे पावसाचा आवाज संवादावर चढला. निकालानंतर ही सव्वीस वाक्ये नावांशिवाय आयोजकांकडे द्यावीत आणि ती ज्या त्या महाविद्यालयाला पोचवण्यास सांगावे.