दोर, गाठ आणि कप्पी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की, पोलादी तारेहून बळकट आणि तरीही पाण्यावर तरंगणारा डायनीमा नावाचा दोर आता बाजारात मिळतो. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता : किती टनांचा घेऊ? दोराच्या चाचणी विभागात नोकरी केली असल्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. लेबलवरचा टनांचा आकडा कोऱ्या दोराचा असतो. तो यंत्रात सरळ ताणून, टोकं नीट बांधून काढलेला असतो. तुमच्याकडे आल्यावर दोर वाकतो, घासतो, उन्हात पडतो, त्याला गाठ बसते. म्हणून खालच्या उत्तरांत मी टनांपेक्षा या गोष्टींवर जास्त बोलले आहे.

प्रश्न : आमच्या ट्रॉलरच्या (तळाशी जाळं ओढणाऱ्या बोटीच्या) विंचवर, म्हणजे जाळं ओढून घेणाऱ्या यंत्रावर, पोलादी तार आहे. दर हंगामात गंजते, तुटलेले तंतू खलाशांच्या हातात घुसतात. तारेऐवजी डायनीमाचा दोर लावला तर चालेल का? दुकानदार म्हणतो, त्याच जाडीचा दोर घ्या, काम झालं.
— एक बोटमालक, हर्णै

उत्तर : दोर चालेल, पण दुकानदार म्हणतो तेवढ्यावर काम होणार नाही.

आधी जमेची बाजू. डायनीमासारखा उच्च ताकदीच्या पॉलिथिलीनचा दोर त्याच जाडीच्या तारेइतका किंवा तिच्याहून जास्त ताण घेतो आणि वजनाला तारेच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका भरतो. गंज नाही, हातात काटे नाहीत. तुमच्या खलाशांच्या हातांसाठी म्हणून मला तुमचा विचार मनापासून पटला.

आता विंचकडे या. तार ज्या कप्प्यांवरून वर्षानुवर्षं फिरली, त्यांच्या खाचेत तारेने स्वतःचा ठसा उमटवलेला असतो. बोट फिरवून बघा, करवतीच्या दात्यांसारखे बारीक कंगोरे लागतील. पोलादाला त्याचं काही वाटत नाही. कृत्रिम दोर त्याच कप्पीवर थोड्याच फेऱ्यांत केसाळ होतो आणि मग एकेक लड कापली जाते. म्हणून खाचा घासून, पॉलिश करून घ्या, नाहीतर कप्प्याच बदला. कप्पीचा व्यास दोराच्या व्यासाच्या निदान आठपट असावा. त्याहून लहान कप्पीवर बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे चेपतात आणि ताण सगळ्यांत सारखा वाटला जात नाही.

दुसरी अडचण विंचच्या ड्रमवर, म्हणजे दोर गुंडाळला जातो त्या रुळावर येते. हा दोर फार गुळगुळीत असतो. तारेसाठी बसवलेल्या क्लॅम्पमधून तो सरकतो, म्हणून टोक ड्रमला नीट अडकवून खाली जास्तीचे वेढे ठेवावे लागतात. पहिल्यांदा गुंडाळताना ताण देऊनच गुंडाळा. सैल गुंडाळलात तर जाळं जड झालं की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांमध्ये रुततो आणि ऐन समुद्रात सोडवता सोडवत नाही. ब्रेक तापत असेल तर तेही पाहा. हे तंतू 145 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून लांबायला लागतात.

तिसरी गोष्ट तुमच्या तांडेलाला विचारा. तळाशी ओढायच्या जाळ्यात तारेचं वजनही काम करत असतं, ते जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्यांना खाली धरून ठेवतं. तरंगणारा दोर लावलात की फळ्या वर उठायला बघतात. मग फळ्यांचं वजन आणि सोडायच्या दोराची लांबी पुन्हा जमवावी लागते. माझा सल्ला असा : आधी नांगराला किंवा ओढकामाला हा दोर वापरून बघा, हात बसू द्या. विंचचा खर्च पुढच्या डागडुजीच्या वेळी काढा.

आणि टोकाला गाठ मारू नका. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. या दोरात गाठ सरकते तरी किंवा निम्मी, कधी त्याहूनही जास्त ताकद खाऊन टाकते. बारा लडींचा वेणीसारखा विणलेला दोर पोकळ असतो, त्याचं टोक त्याच्याच पोटात घालून स्प्लाइस करायचा. पोटात गेलेला भाग दोराच्या व्यासाच्या सुमारे 72 पट लांब हवा, म्हणजे 14 मिलिमीटरच्या दोराला जवळपास एक मीटर. ताण आला की बाहेरची वेणी आतल्या शेपटाला आवळते आणि त्या आवळण्यावरच सगळं टिकतं. बहुतेक जण घाई करतात ती शेपूट निमुळती करताना. आत गेलेलं टोक बोथट ठेवलं तर ते जिथे संपतं तिथे दोर एकदम बारीक होतो. यंत्रावर असा नमुना ताणला की तो दर वेळी त्याच जागी तुटतो, जणू कोणी खूण करून ठेवली असावी. लडी एकेक करून वेगवेगळ्या अंतरावर कापत गेलात तर जाडी हळूहळू उतरते आणि दोराची नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद हाती राहते. शेवटी वरून दोऱ्याने शिवून घ्या, म्हणजे सैल असताना स्प्लाइस सुटून येणार नाही.

प्रश्न : मी टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भाजीची पिशवी पॉलिथिलीनची आणि हा दोरही पॉलिथिलीनचाच. मग पिशवी ओढली की फाटते आणि दोर जहाज धरून ठेवतो, असं का?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण या धंद्याचं सगळं मर्म त्यातच आहे.

फरक रेणूंच्या साखळीच्या लांबीत आहे आणि त्या साखळ्या कशा पसरल्या आहेत त्यात आहे. दोराच्या पॉलिथिलीनचा रेणुभार लाखोंत, दशलक्षांत असतो, पिशवीच्या प्लास्टिकहून कितीतरी जास्त. आता एवढ्या लांब साखळ्या म्हणजे मांजराने खेळलेला लोकरीचा गुंडा. वितळवून ओढायला गेलं तर इतका गुंता की धागाच निघत नाही. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड काढली. त्यांनी प्लास्टिक वितळवण्याऐवजी द्रावकात विरघळवलं, थोडं प्लास्टिक आणि भरपूर द्रावक. विरळ द्रावणात साखळ्या एकमेकींपासून लांब होतात, गुंता कमी होतो. ते बारीक छिद्रांतून काढून थंड केलं की जेलसारखा तंतू मिळतो, आणि तो तापवून कित्येक पट ताणला की साखळ्या जवळजवळ सगळ्या तंतूच्या दिशेने सरळ होतात. याला जेल स्पिनिंग म्हणतात. 1990 मध्ये हेर्लेन इथे त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं.

पिशवीत ताण येतो तो साखळ्यांच्या मधल्या सैल जागांवर. या तंतूत तो थेट कार्बन-कार्बन बंधांवर येतो. बंध तोच, पण पिशवीत तो कधी कामालाच लागत नाही.

याची किंमतही मोजावी लागते, आणि परीक्षेत लिहिताना ती विसरू नकोस. शेजारच्या साखळ्यांना धरून ठेवणारं आकर्षण दुबळं आहे. म्हणून कायम ताणाखाली साखळ्या एकमेकींवरून हळूहळू सरकतात आणि दोर लांबत जातो. याला क्रीप म्हणतात. केवलारचं तसं नाही. ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये शोधलेल्या या अरामिड तंतूत साखळ्यांमध्ये हायड्रोजन बंध असतात, त्यामुळे तो उष्णता सोसतो आणि क्रीप फार कमी. पण तो उन्हात खराब होतो आणि वारंवार चेपला, दुमडला तर आतून मोडतो. खोल समुद्रातले तेलाचे तरंगते फलाट बांधायला ब्राझीलच्या पेट्रोब्रास कंपनीने 1990 च्या दशकात साधा पॉलिएस्टर निवडला. ताकदीत तो या दोघांच्या मागे आहे. पण लाटेबरोबर फलाट हलतो तेव्हा दोराला थोडं लांबून परत यावं लागतं, आणि ते काम पॉलिएस्टर वर्षानुवर्षं थकल्याशिवाय करतो. सर्वांत बळकट तंतू म्हणजे सर्वांत योग्य दोर, हे समीकरण तुझ्या वहीत असेल तर खोडून टाक.

शक्य झालं तर सुट्टीत एखाद्या दोराच्या कारखान्यात जाऊन ये. आपल्याकडे पुण्यात आणि वाईत दोर आणि मासेमारीची जाळी मोठ्या प्रमाणावर बनतात. वेणी घालणाऱ्या यंत्राजवळ उभी राहा आणि बॉबिनवरचा ताण कसा सारखा ठेवतात ते बघ. बारातली एक लड सैल राहिली तर उरलेल्या अकरा तिचं ओझं वाहतात आणि आधी तुटतात.

प्रश्न : आम्ही सह्याद्रीत सुळके चढतो. 8 मिलिमीटरचा डायनीमा दोर पाच टनांहून जास्त ताण घेतो असं वाचलं. आमचा जाड नायलॉनचा दोर त्यापेक्षा कमी घेतो. मग चढाईला तो हलका दोर का नको?
— गिर्यारोहण गट, नाशिक

उत्तर : नको. अजिबात नको. हे वाचून कुणी तसा दोर घेतला असेल तर चढाईच्या पिशवीतून आजच बाहेर काढा.

पडणाऱ्या माणसाची ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. नायलॉनचा डायनॅमिक दोर लांबतो आणि ती स्वतःत घेतो. डायनीमाचा तंतू तुटेपर्यंत जेमतेम साडेतीन टक्के लांबतो. तो शाबूत राहील, पण झटका तुमच्या कमरेला, मणक्याला आणि कड्यात ठोकलेल्या बोल्टला बसेल. गिर्यारोहणाच्या दोराची युरोपीय चाचणी याच तत्त्वावर आहे : 80 किलोचं वजन पाडतात, पहिल्या झटक्याचं बल 12 किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि दोराने असे किमान पाच झटके सोसले पाहिजेत. त्या चाचणीत तुटण्याचे टन कुणी विचारत नाही. दोरावर तो डायनॅमिक असल्याचा आणि एकटाच (जोडीला दुसरा दोर न घेता) वापरता येत असल्याचा शिक्का बघून घ्या. उतरण्यासाठी किंवा सामान ओढण्यासाठी स्टॅटिक, म्हणजे फारसा न लांबणारा दोर ठीक आहे, पण त्यावर आघाडीने चढू नका.

बॅटरीच्या आम्लाचा एक थेंबही नायलॉनला पुरेसा होतो आणि वरून काही दिसत नाही. जीपच्या मागच्या भागात बॅटरीशेजारी दोर टाकायची सवय असेल तर ती मोडा.

प्रश्न : मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. तो म्हणतो, नवे दोर तुटले तरी नायलॉनसारखे उसळत नाहीत, खाली पडतात. खरं आहे का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, अर्धंच खरं आहे. आणि उरलेलं अर्धं त्याला फोन करून सांगा.

डायनीमासारखा नवा दोर कमी लांबतो म्हणून त्यात ऊर्जा कमी साठते, हे बरोबर. पण लाटेचा झटका सोसावा म्हणून बंदरात त्याच्या टोकाला बहुधा लवचिक दोराचा तुकडा जोडतात. ऊर्जा त्या तुकड्यात साठते. 2 मार्च 2015 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे झार्गा या गॅसवाहू जहाजाचा असाच दोर तुटून मागे आला आणि पुढच्या डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. ब्रिटिश तपासात हाच मुद्दा पुढे आला. 2018 मध्ये तेलवाहू जहाजांच्या दोरांसाठी आलेल्या नव्या मार्गदर्शक सूचनांत कृत्रिम दोरावर त्याच्या मूळ क्षमतेच्या निम्माच भार टाकावा असं सांगितलं आहे. मुलाला म्हणावं, दोर कोणताही असो, तो ताणलेला असताना त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. शिवाय दोरावर आवरण असेल तर आतलं काही दिसत नाही, म्हणून त्याच्या नोंदवहीवर लक्ष ठेवायचं.

प्रश्न : ट्रॅक्टर ओढायचा निळा नायलॉनचा दोर दोन उन्हाळे शेडबाहेर होता. वापरावा का?
— शेतकरी, अकोला

उत्तर : बहुधा तो नायलॉनचा नसून पॉलिप्रॉपिलीनचा आहे. लहान तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर तो नायलॉन नाही, बहुधा पॉलिप्रॉपिलीन. ऊन त्याला लवकर खातं. पीळ उलगडून आतली लड बघा. तंतू चुरचुरत असतील, भुकटी पडत असेल, तर गवत बांधायला ठेवा, ट्रॅक्टरला लावू नका.