नागपूरहून सॅन फ्रान्सिस्को: विमानाने अंतर किती आणि आई-बाबांना पोचायला खरोखर किती तास लागतील?

तुमचे आई-बाबा पहिल्यांदाच निघालेत म्हणून सविस्तर लिहितो. ताई तिकडे असल्यामुळे माझ्या आईची ही वारी दोनदा झाली आहे.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्को सरळ मोजलं तर साधारण १३,१०० किलोमीटर. ताशी ९०० धरून भागलं की साडेचौदा तास येतात. पण या आकड्यावर जाऊ नका. नागपूरहून तिकडे थेट विमान नाही. शिवाय सर्वात जवळची वाट तिबेटवरून, पार आर्क्टिक वर्तुळाच्या वरून जाते. मुलीच्या पृथ्वीच्या गोलावर गजऱ्याचा दोरा ताणून आईला दाखवलं, तर तो सैबेरियावरून गेला. "मंग हे वरतून कायले जाते?" म्हणे. तिबेटवरून विमानं शक्यतो नेत नाहीत. काही बिघडलं आणि झटकन खाली यायचं झालं, तर खाली डोंगरच आहेत.

किलोमीटरवरून तास का कळत नाहीत, ते एका उदाहरणावरून कळेल. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं, पण वेळ जवळजवळ दोन तासांनी वाचला. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते पाठीशी मिळाले.

आता तिकिटावरच्या वेळा. आईच्या तिकिटावर दिल्लीहून पहाटे ४ ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७ ला पोचायचं होतं. तीनच तास, म्हणून ती खूश! दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. तिकडे उन्हाळी वेळ असताना (मार्च ते नोव्हेंबरची सुरुवात) फरक साडेबारा तासांचा, हिवाळ्यात साडेतेरा. आईचं हे तिकीट उन्हाळी वेळेतलं, म्हणून तीनात साडेबारा मिळवा: साडेपंधरा तास. नागपूरहून आदल्या रात्री ८ ला निघाली होती, म्हणजे दिल्लीचा सहा तासांचा थांबा धरून साडेतेवीस. घर ते घर तीस तास धरा.

थांबा लांब आहे म्हणून कुरकुरू नका. आईच्या पहिल्या खेपेला मी पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली, मध्ये अडीच तास. डिसेंबर होता, दिल्लीत धुकं. नागपूरचं विमान उशिरा सुटलं, पुढचं गेलं आणि तिकीट बुडालं, कारण दोन तिकिटांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. बासष्ट वर्षांची बाई रात्रभर बॅगांजवळ बसून होती. ती रात्र मला अजून टोचते.

एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) सगळं तिकीट असेल तर पुढच्या विमानाची सोय कंपनीला करावी लागते. सामानही बहुतेक वेळा नागपूरहूनच शेवटपर्यंत टॅग होतं, काउंटरवर टॅगवर एसएफओ (सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचा कोड) लिहिलंय का तेवढं बघून घ्या. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा, चालता येत असलं तरी. दिल्लीत चालणं फार आहे, आणि व्हीलचेअर घेऊन येणारा माणूस त्यांना बरोबर गेटपर्यंत नेतो.