मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची इमारत गॉथिक शैलीची आहे का?

नाही, फोर्टमधील ही इमारत गॉथिक नसून, गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी ती युरोपीय प्रबोधनकालीन शैलीचे पुनरुज्जीवन करून रचली. तिची कोनशिला १९११ मध्ये बसली आणि बांधकाम १९२० मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे दोन्ही सनांचा उल्लेख आढळतो. गैरसमजाचे कारण शेजार हेच असावे: राजाबाई टॉवर आणि मुंबई विद्यापीठाचे जुने ग्रंथालय जवळच असून त्यांची शैली खरोखर गॉथिक आहे. इन्स्टिट्यूटच्या पिवळसर खरोडी बेसाल्टच्या, रस्त्याच्या वळणाबरोबर वळत जाणाऱ्या दर्शनी भागाची भव्यता मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि माझ्या मते विटेट यांच्या कामांपैकी हेच सर्वांत उपेक्षित राहिले. खर्चाचा मोठा वाटा सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम आणि सर वसनजी मुळजी यांच्या देणग्यांतून आला. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: याच संकुलाचा भाग म्हणून उभारलेल्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, त्यामुळे त्याचा आतला भाग आज मूळ स्वरूपात दिसत नाही.