पंख्यावरचं नाव आणि दहाची नोट

(वाचकांचे प्रश्न : मंडळी, दान आणि आपण)

हंगामाचा सण (शेतातलं-परसातलं आणून चर्चला देतात तो) नुकताच होऊन गेला म्हणून की काय, या वेळी आलेली पत्रं जवळजवळ सगळी पैशांचीच आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, कारण तसलं गाऱ्हाणं मी वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत सगळीकडे ऐकलंय, फक्त बोलून दाखवायला कोणी तयार नसतं.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. आमची चर्चची मंडळी लहान आहे, अर्धी घरं मुंबईत. चाकरमानी नाताळाला आणि मे महिन्यात येतात तेव्हाच चर्च भरलेलं दिसतं. त्यांच्या पैशातून पंखे आले, बाकं आली, साउंड सिस्टिम आली, चांगलंच झालं, पण प्रत्येक वस्तूवर नाव. या वर्षी हंगामाच्या सणाला लिलावात एक दुधी दोन हजाराला गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या सासूबाईंनी स्वतः कांडून-पाखडून आणलेली नाचणी दीडशेला गेली, कोणी बघितलं पण नाही. माझे मिस्टर रोजंदारीवर आहेत. पावसात काम नव्हतं तेव्हा कमिटीने तांदूळ आणि थोडे पैसे दिले, त्याबद्दल उपकार आहेत, पण रविवारी उपासनेत नाव घेऊन ते अनाउन्स केलं. त्या दिवसापासून मिस्टर चर्चला आलेले नाहीत. मी दहाची नोट घडी करून थैलीत टाकते, कोणाला दिसू नये म्हणून. मंडळीत आता सरळ दोन पार्ट्या झाल्यात. आम्ही गप्प बसायचं का? (एक भगिनी, वेंगुर्ला तालुका)

उत्तर : गप्प बसू नकोस गं. पण पंख्यांवरून भांडण काढू नकोस, पंखे हा यातला सगळ्यात छोटा मुद्दा आहे आणि नेमके सगळे त्याच्यावरच घसरतात.

मोठा मुद्दा म्हणजे ती अनाउन्समेंट. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन आपण नेहमी देणाऱ्याला ऐकवतो, म्हणजे त्याने मिरवू नये म्हणून. पण त्या गुप्ततेची जास्त गरज घेणाऱ्याला असते हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. तुझ्या मिस्टरांनी तांदूळ घेतला तेव्हा त्यांना लाज वाटली नसेल, आपल्याच मंडळीचा आहे म्हणून घेतला. लाज वाटली ती माइकवर नाव आलं तेव्हा, आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळून बघितलं असणार तेव्हा.

हे आजचं नाही. ग्रीसमधलं करिंथ बघ, दोन बाजूंना दोन बंदरं असलेलं शहर, व्यापार जोरात, पैसेवाले पण होते आणि गोदीत राबणारे गुलाम-मजूर पण, आणि मंडळी एकच, कोणाच्या तरी मोठ्या घरात जमायची. पैसेवाले लवकर मोकळे व्हायचे, आपलं आपलं जेवण काढून खाऊन-पिऊन टाकायचे, आणि राबणारा माणूस काम संपवून येईपर्यंत समोर काही उरलेलं नसायचं. तिथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, पहिल्या करिंथकरांसच्या अकराव्या अध्यायात, प्रेषित पौल यावर असा भडकतो की विचारू नको, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय, असं सरळ विचारतो. आणि उपाय काय सांगतो, तर एकमेकांची वाट बघा. बस्स. तो श्रीमंतांना घर विकायला सांगत नाही, थांबायला सांगतो. प्रभुभोजनाच्या रविवारी आपण जो उतारा वाचतो ना, "ज्या रात्री त्याला (येशूला) धरून देण्यात आलं", तो याच भांडणाच्या मधोमध आहे, पण आपल्याकडे वाचताना भांडण वगळून तेवढाच भाग वाचतात म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता दोन पार्ट्यांचं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत पण दोन पार्ट्या पडलेल्या, एक इब्री बोलणारे आणि एक ग्रीक बोलणारे, बाहेरून येऊन तिथे राहिलेले. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीकवाल्यांची तक्रार. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही, एकीवर प्रवचन पण दिलं नाही, सात माणसं निवडायला सांगितलं. निवडलेली सातही नावं बघ, स्तेफन, फिलिप्प आणि पुढचे पाच, सगळी ग्रीक नावं आहेत. म्हणजे बहुतेक ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात वाटप दिलं. मला हे फार आवडतं. आपल्या किती मंडळ्यांत असं झालंय? आपल्याकडे मदत कमिटीवर कोण, तर ज्याला आयुष्यात मदत घ्यावी लागली नाही तो.

म्हणून वार्षिक सभेत तू किंवा तुझ्या बाजूचं कोणी उभं राहून दोनच गोष्टी मागा. एक, मदतीचं नाव कुठेही वाचलं जाणार नाही, हिशेबात फक्त "अमुक घरांना अमुक रक्कम" एवढंच येईल. दोन, मदत कमिटीत गावात राहणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या घरातली निदान दोन माणसं असतील, त्यात एक बाई. यावर कोणाला नाही म्हणता येणं कठीण आहे, बायबल उघडून समोर ठेवलंस तर जास्तच कठीण.

पंखे राहू दे. चाकरमान्यांच्या बाजूने पण थोडं बोलते, कारण त्यांना शिव्या घालणं फार सोपं आहे. नालासोपाऱ्याच्या वन रूम किचनमध्ये राहून, लोकलला लटकून, लोनचे हप्ते भरून माणूस गावच्या चर्चला पंखा देतो, आणि त्याला वर्षातून आठवडाभर गावात बसायला मिळतं, तेव्हा त्या पंख्यावरचं नाव हीच त्याची बाकीचे एक्कावन्न आठवडे गावातली हजेरी असते. (तसंही पंखा चालू असला की ते नाव वाचता येत नाही, लाइट गेली की मगच सगळे मान वर करून वाचतात.) इथून पुढे वस्तूवर नाव नाही, मागच्या भिंतीवर एकच बोर्ड, त्यावर देणाऱ्यांची नावं, रकमा नाहीत, असं ठरवलं तर बहुतेक मुंबईकर ऐकतील.

लिलावाचं मात्र खरंच बिघडलंय. हंगामाच्या सणाला लिलाव कशासाठी असतो? ज्याच्या हातात नोटा नाहीत पण शेतात भात आहे, परसात पडवळ आहे, खुराड्यात कोंबडी आहे, त्याला पण देता यावं म्हणून. ती सोय नाचणीवाल्यांसाठी आहे, दुधी विकत घेणाऱ्यांसाठी नाही. पुढच्या वर्षी कमिटीला म्हणावं, पहिली बोली म्हाताऱ्या माणसांनी आणलेल्या वस्तूंवर लावा, आणि तांदूळ, नाचणी, वाल यातला निम्मा माल लिलावात न घालता त्याच दुपारी चर्चच्या अंगणात चुलीवर चढवा. तुझ्या सासूबाईंच्या नाचणीची भाकरी दुधीवाल्यांच्या ताटात पडू दे.

आणि तुझे मिस्टर. त्यांना चर्चला चला म्हणून मागे लागू नकोस. ज्याने माइकवर नाव वाचलं त्याने स्वतः तुमच्या घरी येऊन, ओट्यावर बसून, चुकलं म्हणायला पाहिजे, हे पाळकसाहेबांच्या कानावर घाल, त्यांच्या मिसेसच्या मार्फत घातलंस तर आणखी बरं. तो आला तर चहा दे. नाही आला तर मला पुन्हा लिही.

दहाच्या नोटेची घडी नको घालूस. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून बघत होता तेव्हा त्याने दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेलाच नेमकं हेरलं. पण तिच्या आधीचंच वचन पण वाच, मार्क बारा, चाळीस, विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांबद्दल. त्या बाईचं उदाहरण देऊन गरिबाकडून जास्त काढायचा प्रयत्न कोणी केला तर त्याला हे वचन दाखव.

प्रश्न : मी रत्नागिरीला जॉबला लागलोय, पहिला पगार आला. आमच्याकडे दशांश कंपल्सरी असल्यासारखं बोलतात. दुसरीकडे यूथ ग्रुपमध्ये एकाचं म्हणणं की पहिल्या मंडळीत सगळ्यांचं सगळं सामायिक होतं, म्हणजे खरं तर दहा टक्के पण कमीच. घरी आईचं डायलिसिस चालू आहे. काय करू?

उत्तर : आईचं बिल आधी भर. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू अशाच लोकांना झापतो जे "हे देवाला वाहिलंय" असं म्हणून आईबापांना द्यायचे ते देत नव्हते.

सामायिक असण्याबद्दल, तुझा मित्र अर्धं वाचतोय. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा नावाच्या एकाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले हे खरं, पण लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे नवरा-बायको येतात, जमीन विकून थोडे पैसे गुपचूप ठेवून घेतलेले, आणि प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो, ते होतं तेव्हा तुझंच होतं ना, विकल्यावर पण तुझ्याच हातात होतं ना? म्हणजे सक्ती कोणावरच नव्हती. त्यांना भोवलं ते थोडं ठेवून घेणं नाही, सगळं दिलं असं खोटं सांगणं भोवलं. त्यामुळे ते नियम म्हणून चाललेलं नव्हतं, कोणाला कमी पडलं की ज्याच्याकडे आहे तो विकायचा, असं चाललेलं होतं.

दशांश जुन्या करारात आहे, आणि तिथे पण अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवून लेवी (देवाच्या सेवेला नेमलेले, स्वतःची जमीन नसलेले), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून सांगितलाय, हे दशांशावरच्या प्रवचनात फारसं ऐकायला येत नाही. पौल आकडा देत नाही. ज्याला जसं मिळालं तसं दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्याजवळ बाजूला काढून ठेवा, असं म्हणतो, आणि दुसऱ्या करिंथकरांस आठमध्ये स्पष्ट करतो की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं व्हावं असं मला नकोय, समानता व्हावी. आज तुझ्या घरी कमी आहे. उलट मंडळीने तुला विचारायला पाहिजे, डायलिसिसला आईला न्यायला गाडी आहे का. नसेल विचारलं तर तूच सांग. त्यात मान जात नाही.

प्रश्न : रायगड जिल्ह्यातल्या एका मंडळीचा मी ट्रेझरर. निसर्ग वादळात पत्रे उडाले तेव्हा बाहेरून बरीच मदत आली होती, सगळी वाटली. आजही कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतं, त्या पैशाचं काय झालं. एवढं करून हेच ऐकायचं असेल तर राजीनामा देतो.

उत्तर : काका, तुमचं दुखणं कळतं, पण हिशेब मागणं म्हणजे चोर म्हणणं नव्हे. पौलापेक्षा विश्वासू ट्रेझरर कोणाला मिळणार, पण यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसा गोळा केला तेव्हा तो एकटा घेऊन निघाला नाही, तीत या आपल्या सोबत्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस मुद्दाम पाठवला आणि कारणही लिहून ठेवलं, या मोठ्या रकमेवरून कोणी आमच्यावर बोट ठेवू नये म्हणून, देवापुढेच नाही तर माणसांपुढेही जे चांगलं ते बघतो.

तर 3 जून 2020 नंतर आलेला पैसा, पत्रे किती, कुठून घेतले, किती घरांना, सगळं एका कागदावर काढा, बिलांची फाइल जोडा, नोटीस बोर्डावर महिनाभर लावा. ग्रुपवर वाद घालू नका, बोर्डाचा फोटो टाका आणि गप्प बसा. ट्रस्ट रजिस्टर असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली हिशेब आणि ऑडिट लागतंच, धर्मादाय आयुक्तांकडे गेलेली कॉपी पण लावता येईल. रविवारची थैली दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची, दोघं एकाच घरातले नकोत. आणि क्यूआर कोड तुमच्या स्वतःच्या अकाउंटचा असेल तर तो आजच काढा, चर्चच्या खात्याचा लावा. एवढं झाल्यावर राजीनामा द्यायचा की नाही ते बघा.

प्रश्न : मालवणला आम्ही मच्छीमार घरं. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हासाठी मंडळीत फंड करायचाय. काही जण म्हणतात फक्त आपल्या सभासदांनाच द्यायचा, आमच्या वाडीत तर कॅथलिक पण आहेत, हिंदू गाबीत मच्छीमार पण आहेत.

उत्तर : तौक्ते वादळात मे 2021 ला होड्या फुटल्या तेव्हा समुद्राने सभासद यादी बघितली नव्हती. गलतीकरांस सहा, दहा वाचा, सगळ्यांचं बरं करा, विशेषतः विश्वासाच्या घराण्याचं, म्हणजे घरच्यांना विसरू नका पण दार लावून पण घेऊ नका. टर्टुलियन नावाचा उत्तर आफ्रिकेतला एक ख्रिस्ती लेखक साधारण 197 साली लिहून गेलाय, आमच्याकडे महिन्यातून एकदा ज्याला जमेल तो जमेल तेवढं टाकतो, सक्ती नाही, आणि तो पैसा जातो गरिबांना जेवायला आणि पुरायला, अनाथांना, थकलेल्या म्हाताऱ्यांना, आणि जहाज फुटलेल्यांना. शेवटचं मालवणात तरी समजावून सांगायला नको.

तुमच्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, दोर ओढायला हात लावला त्याला वाटा मिळतो, त्याची जात कोण विचारतं? तसंच करा. फंड मंडळीचा, पण मागायला येणाऱ्याकडून चर्चचा फॉर्म भरून घेऊ नका. रोख पैशापेक्षा तांदूळ, तेल, मुलांच्या वह्या असं द्या, शाळा जूनमध्येच उघडते. आणि जमवायला ऑक्टोबरपासूनच सुरुवात करा, मासळी बरी मिळते तेव्हा माणूस शंभर सहज काढतो, मे महिन्यात मागायला गेलात तर इंजिन दुरुस्ती आणि जाळ्याचा खर्च समोर असतो.